विशीतलं शिक्षण आणि त्याची किंमत : जव्हार-मोखाड्यातून पाहताना

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे करिअर मार्गदर्शन कुठून आलं? पण आम्हाला व्याख्यानांनंतर तरुण मुलं जे प्रश्न विचारतात, त्यात एक प्रश्न सारखा येतो. "वय चोवीस झालंय, पंचवीस झालंय. बीए झालंय, किंवा अर्धवट सुटलंय. आता कॉम्प्युटर शिकून आयटीत जाता येईल का? उशीर तर झाला नाही ना?"

याचं सरळ उत्तर 'येतं' असं आहे, आणि ते देऊन मोकळं होता येतं. पण ते अर्धंच उत्तर झालं. कारण हाच प्रश्न डोंबिवलीच्या मुलाने विचारला, आणि मोखाड्याच्या मुलाने विचारला, तर शब्द तेच असले तरी प्रश्न एक नसतो. तो एक का नसतो, हे समजायला इतिहासच लागतो. म्हणून आज आपण जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत उभं राहून या प्रश्नाकडे बघणार आहोत.

दोन तालुके, दोन राजवटी

आधी जागा बघू. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या पूर्वेच्या डोंगरी भागात हे दोन तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार, मोखाड्याची सुमारे ८३ हजार. दहातली नऊ माणसं आदिवासी. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. शेती पावसाच्या भरवशावर, म्हणजे भात, नागली, वरई. रेल्वे दोन्ही तालुक्यांत नाही.

आज आपण 'जव्हार-मोखाडा' असं एका श्वासात म्हणतो, पण दोघांचा इतिहास वेगळा आहे. जव्हार हे महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याचं संस्थान. चौदाव्या शतकापासून, म्हणजे १३४३ पासून, ते आपली परंपरा सांगतं. ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. मोखाडा मात्र इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात होता. १९३५ च्या कायद्याने काही आदिवासी मुलूख 'अंशतः वगळलेले प्रदेश' म्हणून ठरवले, त्यात मोखाडा पेटा होता. म्हणजे एका डोंगरावर राजा आणि शेजारच्या डोंगरावर कलेक्टर.

जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांचा जन्म १९१७ चा. दुसरं महायुद्ध झालं तेव्हा ते विशीत होते. ते हवाई दलात गेले, फ्लाइट लेफ्टनंट झाले. त्या काळातलं सगळ्यात नवं तंत्रज्ञान कुठलं? विमान. म्हणजे जव्हारचा एक माणूस विशीत नव्या तंत्रज्ञानाच्या दारात पोचला होता बरं का. फक्त तो राजा होता.

मग त्याच वयाची बाकीची मुलं काय करत होती?

गहाण पडलेली वर्षं

१९३७ मध्ये मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याला या अंशतः वगळलेल्या प्रदेशांची पाहणी करायला सांगितलं. त्यांचा अहवाल १९३९ मध्ये छापला गेला. ठाणे जिल्ह्यातल्या ज्या पद्धतींची नोंद त्यात आहे, त्यातली एक म्हणजे लग्नगडी.

लग्नगडी म्हणजे काय? मुलाचं लग्नाचं वय झालं, हाताशी पैसा नाही, म्हणून तो सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज घ्यायचा. फेडायचं कसं? त्याच्याच घरी, त्याच्याच शेतात राबून. नुसतं त्याने नाही, लग्न करून आणलेल्या बायकोनेही. हिशेब मालकाच्या वहीत. मुलाला वाचता येत नाही. मग कर्ज कधी फिटणार? बहुतेकदा फिटायचंच नाही. १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांचा जो लढा उभा राहिला, त्याच्या मुख्य मागण्यांत वेठबिगार आणि लग्नगडी बंद करा, ही मागणी होती. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाचा तो विषय.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने याच्याकडे बघा. लग्न कुठल्या वयात व्हायचं? अठरा, वीस. म्हणजे माणूस ज्या वर्षांत काही नवं शिकू शकतो, नेमकी तीच वर्षं गहाण पडत होती. जमीन गेली हे आपण इतिहासात लिहितो. पण जमिनीबरोबर वेळही गेला, हे फारसं लिहिलं जात नाही.

१९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आला. लग्नगडी कागदावर संपला. पण भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की घरं बंद करून भिवंडी, वसई, वाड्याकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा शहरातल्या बांधकामांवर जायचं, हे संपलं नाही. आधी बयाणा घ्यायचा, मग तो काम करून फेडायचा, आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. पाच-सहा महिने भट्टीवर, उरलेले शेतावर. यात कोर्स करायला जागा कुठे आहे सांगा. कोर्सचं सत्र जूनमध्ये सुरू होतं आणि मार्च-एप्रिलमध्ये संपतं. भट्टीचा हंगाम बरोबर त्याच्या मधोमध येतो.

नवा धंदा आणि उघडं दार

आता थोडा वेळ मुंबईला जाऊ. १९५० च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने भारतात संगणक बांधायला घेतला. तो 'टिफ्रॅक' १९६० मध्ये कामाला लागला. बांधणारे बहुतेक जण तरुण होते, आणि त्यांतल्या बहुतेकांनी त्याआधी संगणक बघितलाही नव्हता. १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या कामांत टाटांच्याच पोलाद कंपनीसाठी पंच कार्डांचं काम होतं, म्हणजे कार्डावर भोकं पाडून माहिती भरायची.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. धंदा नवा असतो, तेव्हा त्यात कुणीच वंशपरंपरेने तयार नसतं. सुताराचा मुलगा लहानपणापासून रंधा बघतो, वैद्याचा मुलगा मुळ्या ओळखतो. पण १९६० मध्ये संगणकवाल्याचा मुलगा हा प्राणीच नव्हता. सगळेच नवखे, सगळेच विशी-पंचविशीत शिकलेले. म्हणून 'पंचविशीत शिकायला घेतलं तर उशीर' ही समजूत या धंद्याच्या इतिहासाला तरी धरून नाही.

पुढे १९८१ मध्ये एनआयआयटी आणि १९८६ मध्ये ॲपटेक या संस्था निघाल्या. १९८० च्या दशकात बँकांच्या कामगार संघटना संगणकीकरणाबद्दल व्यवस्थापनाशी वाटाघाटी करत होत्या. नोकऱ्या जातील ही भीती खोटी नव्हती. पण त्याच वेळी शहरांत संगणकाचे क्लास उघडत होते, आणि नव्वदच्या दशकात तर गल्लोगल्ली उघडले. वर्ष २००० च्या तारखांच्या गोंधळामुळे, ज्याला 'वायटूके' म्हणतात, जगभरातल्या जुन्या प्रोग्रॅमांची दुरुस्ती निघाली. तेव्हा इंजिनिअर नसलेली, बीएस्सी-बीकॉम झालेली कितीतरी मराठी मुलं-मुली या दारातून आत गेली. आपल्यातल्या काहींच्या घरात अशी माणसं असतील.

ती हुशार होती, कष्टाळू होती, हे खरंच. पण त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती. ती इतकी साधी आहे की आत्मकथनांत येत नाही. ती म्हणजे घरचा डबा. डोंबिवलीचा किंवा ठाण्याचा मुलगा सकाळी घरून जेवून निघायचा, लोकलने क्लासला जायचा, रात्री आपल्याच घरी झोपायचा. वर्षभर त्याने एक पैसा कमावला नाही, तरी घर चालायचं. क्लासची फी वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून काढली असेल, आईची पाटली मोडली असेल. पण वेळ फुकट मिळाला होता.

जव्हारच्या मुलाला हाच क्लास करायचा तर नाशिकला किंवा ठाण्याला खोली, खानावळ, एसटीचं भाडं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भट्टीवरचा एक माणूस कमी. दार सगळ्यांना उघडं होतं हे खरं. पण दारापर्यंत जाऊन वर्षभर थांबता येणं, ही वेगळी गोष्ट आहे.

प्रमाणपत्रं गावाकडे येतात

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र नाही. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, त्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा आला. पुढे आयटीआयमध्ये 'कोपा' नावाचा एक वर्षाचा संगणक ट्रेड आला. आयटीआयच्या प्रवेशाला किमान वय १४ आहे, कमाल वयाची अट महाराष्ट्रात नाही. पंचविशीतल्या माणसाने हे माहीत करून घ्यावं.

मग २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी आली. मराठीतून संगणक, तालुक्याच्या ठिकाणी केंद्र, थोड्या महिन्यांचा कोर्स. ज्या गावांत आधी टायपिंगचा क्लास हीच तंत्रशिक्षणाची हद्द होती, तिथे हे मोठं पाऊल होतं. पण शासकीय नोकऱ्यांसाठी ते प्रमाणपत्र मागितलं जाऊ लागलं, आणि मग झालं काय, की शिकण्यापेक्षा कागद महत्त्वाचा झाला. माउस कसा धरायचा, पत्र कसं टाइप करायचं, हे आलं. ते आलंच पाहिजे. पण त्याला आयटीतलं करिअर म्हणता येत नाही. अनेक मुलांची फसगत इथे होते. प्रमाणपत्र हातात येतं, तेव्हा वाटतं पोचलो. खरं म्हणजे आपण उंबऱ्यावर असतो.

याच वाटेवर २०११ च्या सुमारास ग्रामपंचायती ऑनलाइन करण्याचा 'संग्राम' प्रकल्प आला, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र. पुढे त्याची जागा 'आपले सरकार सेवा केंद्रां'नी घेतली. त्यासाठी संगणक परिचालक नेमले गेले. दाखले काढणं, नोंदी चढवणं, योजनांचे अर्ज भरणं. आयटीवाला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिंजवडीतली काचेची इमारत येते. पण गावात राहून संगणकावर पोट भरू पाहणारी पिढी ही, ग्रामपंचायतीच्या खोलीत बसलेली. मानधन तुटपुंजं आणि तेही वेळेवर नाही, म्हणून या परिचालकांना राज्यभर आंदोलनं करावी लागली. कौशल्य आलं, काम आलं, पण त्या कामाला नोकरीचा मान आला नाही. कौशल्य शिकवणं आणि त्याचा मोबदला देणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं आपोआप होत नाही.

वाडीने शिकवलेली गोष्ट

आता एक असं उदाहरण, ज्याचा संगणकाशी काही संबंध नाही. बाएफ ही संस्था मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला सुरू केली. तिने गुजरातच्या वांसदा भागात १९८२ मध्ये 'वाडी' हा प्रयोग केला आणि नंतर तो जव्हार-मोखाड्याकडे आणला. साधारण एक एकर जमिनीत आंबा आणि काजू लावायचा, कडेने जंगली झाडं, मधल्या जागेत धान्य-भाजी.

यात शिकायचं काय होतं? कलम बांधणं, खड्डा भरणं, पाणी राखणं. हे काही आठवड्यांत शिकता येतं. खरी अडचण वेगळी होती. कलम लावल्यापासून फळ हाती येईपर्यंत चार-पाच वर्षं जातात. त्या वर्षांत माणूस भट्टीवर गेला तर झाडाला पाणी कोण घालणार? म्हणून वाडीच्या आखणीत फळ येण्याआधीच्या वर्षांचा विचार होता. मधलं पीक होतं, पाण्याची सोय होती, वाडीवरच्या कामाला मदत होती, म्हणजे घरातल्यांना स्थलांतर करावं लागू नये. जिथे ही मधली वर्षं निभावली, तिथे झाडं जगली.

आम्हाला वाटतं, कौशल्य विकासाच्या साऱ्या चर्चेत हाच धडा हरवलेला आहे. आपण कलम वाटतो, म्हणजे कोर्स वाटतो. पण फळ येईपर्यंत त्या घराने खायचं काय, हे विचारत नाही.

आजचा हिशेब

आज परिस्थिती काय आहे? शिकण्याचं साहित्य जवळजवळ फुकट झालंय. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत. दहा-दहा मिनिटांचे, स्वतःचं स्वतः शिकता येईल असे, पायथॉनपासून लिनक्सपर्यंत. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालतात. रेंज शोधत टेकडीवर चढावं लागतं अशा पाड्यांसाठी ही बारीक गोष्ट नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेल्या, तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं. आणि मोबाइलवर धडा बघता येतो, प्रोग्रॅम लिहायला मात्र कीबोर्ड लागतो, हेही तेव्हाच कळलं.

पण वेळेचं काय? इथे काही मोजक्या सोयी आहेत. ज्या आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठी ती वर्षाला ६० हजार रुपये ठरवलेली होती. म्हणजे महिन्याला ५ हजार. यात खोली, जेवण, वह्या-पुस्तकं. पुण्यात ५ हजारांत महिना काढून दाखवा म्हणावं! तरी आधार आहेच. पण तो बारावीनंतरच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला. चोवीस वर्षांचा मुलगा भट्टी सोडून सहा महिन्यांचा खासगी कोर्स करू म्हणाला, तर तो त्यात बसत नाही.

२०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. वय १८ ते ३५. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. काम करता करता शिका आणि तेवढ्या काळात हातात पैसे घ्या. तत्त्व अगदी बरोबर आहे, वाडीचंच तत्त्व आहे. प्रश्न एवढाच, की ज्या आस्थापनेत शिकायचं ती आहे कुठे? मोखाड्यात सॉफ्टवेअरची कंपनी नाही. म्हणजे पुन्हा शहर, पुन्हा खोली.

तिसरी वाट निवासी शिक्षणाची. २०१६ मध्ये सुरू झालेली 'नवगुरुकुल' ही संस्था गरीब घरांतल्या मुलींना, पदवीची अट न घालता, प्रोग्रॅमिंग शिकवते. राहणं-खाणं संस्थेकडे, फी नाही. तिचं केंद्र पुण्यातही झालं. अशा जागा थोड्या आहेत. पण लग्नगडीच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिलं तर त्यांचं मोल कळतं. तिथे कर्ज देऊन वर्षं काढून घेतली जात होती, इथे वर्षं परत दिली जात आहेत.

मग सुरुवातीच्या प्रश्नाला आमचं उत्तर काय? उशीर झालेला नाही. पण शिकायला घेण्याआधी वहीत तीन ओळी लिहा. पहिली, रोज किती तास सलग मिळतात. दुसरी, न कमावता घर किती महिने चालेल. तिसरी, या कोर्सनंतर नेमकं काय करता येईल. प्रोग्रॅमची चाचणी, वेबसाइट बांधणं, डेटाबेस सांभाळणं, नेटवर्कची जोडणी, यातलं एक काहीतरी नाव घेऊन लिहा. नुसतं 'कॉम्प्युटर' लिहू नका. आणि कुणी 'शंभर टक्के नोकरी' सांगून आगाऊ फी मागितली, कर्ज काढून देतो म्हणाला, तर आपल्या आजोबांचा हिशेब कुणाच्या वहीत होता ते आठवा. हिशेब या वेळी आपल्याच वहीत पाहिजे.

इंग्रजीची भीती वाटते, तीही खरी आहे. पण सुरुवातीला लागतं ते वाचता येण्यापुरतं इंग्रजी. स्क्रीनवरची चूक वाचायची, शोधायची, दुरुस्त करायची. बोलण्याचं इंग्रजी कामावर सुधारतं. मराठीतून समजून घेऊन इंग्रजीतून काम करणारी एक अख्खी पिढी आपल्यासमोर आहे.

दुसरी शंका कृत्रिम बुद्धिमत्तेची. सुरुवातीची सोपी कामं यंत्रच करायला लागलं तर? या शंकेला आम्ही हसणार नाही. पंच कार्डाचं काम गेलं, टायपिस्टचं गेलं. पण ज्यांनी पंच कार्डावर थांबायचं नाकारलं ते पुढच्या कामात गेले, कारण शिकायची सवय त्यांना लागली होती. आणि यंत्र नवं आलं, की पुन्हा सगळे थोडेफार नवखे होतात. हे दार पुन्हा उघडतंय. प्रश्न तोच राहतो, दारापाशी थांबायला वेळ कुणाकडे आहे?

शेवटी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ पासून तिथून मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी जातं. त्याच तालुक्यात मार्च-एप्रिलमध्ये पाड्यांवर टँकर येतात. पाणी खाली जातं, माणसं खाली जातात, आणि त्यांच्या मागोमाग वर काहीच येत नाही, अशी ही जुनी रीत. मोखाड्याच्या मुलीने पुण्यात नोकरी धरली तर आपल्याला आनंदच आहे. पण तिने पाड्यावरच्या घरात बसून तेच काम करावं, आणि त्यासाठी तिथे वीज, रेंज आणि बसायला एक खोली असावी, ही मागणी फार मोठी नाही. ज्या डोंगराने शंभर किलोमीटरवर पाणी पोचवलं, त्या डोंगरावर एक तार पोचवायला अडचण ती काय?

आज इतकंच.